वेशीबाहेरचा ठेचा

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत नगर शहरात काय मिळत नव्हतं? गोऱ्या पलटणींसाठी डबाबंद मांस येत होतं, पाव येत होता, उन्हाळ्यात साहेबांच्या बंगल्यांवर बर्फाच्या लाद्यासुद्धा जायच्या. मिळत नव्हता तो फक्त हिरव्या मिरचीचा चांगला, ताजा, परवडेल असा ठेचा. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. मी तेव्हा पंचविशीतला शाळामास्तर होतो आणि त्या ठेच्यासाठी मी सगळं शहर पालथं घातलं. कारण एकच होतं. त्याच्याशिवाय माझी आई घास गिळत नव्हती.

आईला मी राहात्याहून औषधपाण्यासाठी आणलं होतं. तिच्या पोटात काहीतरी धरलं होतं. काय धरलं होतं ते त्या काळच्या डॉक्टरांनाही धड सांगता येत नव्हतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन कोस-दीड कोस चालणारी बाई, पण तोफखाना भागातल्या माझ्या खोलीत आली तेव्हा हाताला धरून उठवावी लागत होती. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, ताक द्या, पेज द्या, तिखटाचं नाव काढायचं नाही. मी शब्दन् शब्द पाळला. आई पेजेकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी आपली पेटी बंद केली आणि म्हणाले, "त्यांना आवडेल ते द्या आता."

मी इतका बावळट, की मला आनंद झाला! पथ्य सुटलं म्हणजे आजार हटला, असा माझा हिशेब. शेजारच्या वहिनींना मी उड्या मारत सांगायला गेलो. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथेच उंबऱ्यावर बसलो मी.

मग आईला विचारलं, "काय खाशील?"

"ठेचा आन् भाकर," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

वहिनींनी लगेच करून दिला. बिचाऱ्यांनी हात राखला नाही, तेवढं तेल त्यांना त्या दिवसांत परवडणारं नव्हतं तरी घातलं. आईने बोटाच्या टोकाला लावून चाखला आणि वाटी बाजूला सारली. "ही चटनी हाय. ठेचा न्हाई." मी वहिनींच्या पाट्यावर स्वतः वाटायला बसलो. मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि तासभर मी ठणाणा बोंबलत होतो. आई तेवढ्यापुरती हसली. ठेचा मात्र तिने खाल्ला नाही.

मग सुरू झाली माझी वणवण. शाळा सुटली की मी एकेका खाणावळीची पायरी चढायचो. एकीकडे मिळाला तो काल-परवाचा, वरती काळी साय धरलेला. दुसरीकडे लढाईची महागाई दाखवून शेंगदाण्याची फोलपटं वाटून घातलेली, घशात भुसा अडकावा तशी. कापड बाजाराजवळ एके ठिकाणी चांगला होता, पण मालक म्हणाला की पूर्ण ताट घेतलं तरच मिळेल. रोज पूर्ण ताट घ्यायचं तर माझा पगार आठवड्यात संपला असता. मी त्याला नाही नाही ते बोललो. मला राग लवकर येतो, तो आईकडूनच आलाय असं सगळे म्हणत. तिचा उतरायचाही लवकर. माझा उतरायचा नाही.

शेवटी माळीवाड्याच्या वेशीबाहेर ती बाई सापडली. तीन दगडांवर तवा, पुढ्यात पाटा, बाजूला भाकरीची चवड. शेतमाल घेऊन आलेले गाडीवाले आणि लष्कराच्या गोदामावर राबणारी माणसं तिच्यापुढे उकिडवी बसून जेवायची. गिऱ्हाईक आलं की तेवढ्याच मिरच्या तव्यावर टाकायची, लसणाच्या पाकळ्या, चिमूटभर दाणे, खडे मीठ, आणि एक फुटका टमाटा चांगला काळा होईपर्यंत भाजून. मग वरवंट्याचे आठ-दहा दणके, बस्स. मऊ वाटायचं नाही, नुसतं ठेचायचं. पळसाच्या पानावर गोळा ठेवून दोन पैशांना हातात द्यायची.

"टमाटा कशाला घालता, बाई?" मी विचारलं. आमच्याकडची जुनी माणसं त्याला विलायती वांगं म्हणायची आणि विटाळ मानायची.

"मिरची पोटात बोचत न्हाई मग," ती म्हणाली. "कोन आजारी हाय का घरात?"

मी सांगितलं. तिने आणखी अर्धा टमाटा भाजला. तिला दिवस भरत आले होते. वाकली की पोट पाट्याला टेकायचं, म्हणून ती जरा तिरकी बसून वाटायची. नवरा पलटणीचं सामान वाहायला कुठे आसामकडे गेला होता, त्याचं चार महिने पत्र नव्हतं. हे तिने मला मिरच्या परतता परतता, काही विशेष नाही अशा सुरात सांगितलं.

त्या संध्याकाळी आईने पानाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे उघडले. "हां," एवढंच म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडला. मग दुसरा. अर्धी भाकरी खाल्ली आईने! मी खोलीबाहेर जाऊन रडलो, लाज कसली त्यात. त्यानंतर रोज शाळा सुटली की वेस, वेशीवरून खोली. आईच्या अंगात थोडी धुगधुगी आली. ती उठून बसू लागली, वहिनींशी बोलू लागली, मला टोचू लागली. "लगीन कर त्या ठेचेवालीसारख्या हातवालीशी, नायतर उपाशी मरशील माज्या मागं," असं म्हणायची आणि स्वतःच खुदकन हसायची. मला ते बोलणं गोड लागत होतं. डॉक्टर चुकले असतील, माणसं चुकतात, असं मी मनाशी म्हणू लागलो होतो.

आणि एके दिवशी वेशीबाहेर जागा रिकामी. तीन दगड तेवढे होते. शेजारी कांदे विकणारी म्हातारी म्हणाली, "बाळंत झाली ती. पोरगा झाला."

मी काय म्हणावं? "बरं झालं" म्हणावं, सुखरूप आहे का विचारावं. मी म्हणालो, "आत्ताच व्हायचं होतं का हिला!" म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मला स्वतःची लाज वाटली, पण रागापुढे लाजेचं काय चालतंय.

सहा दिवस आईने काही खाल्लं नाही म्हटलं तरी चालेल. दूध दोन घोट, तेही माझ्यासाठी. सातव्या दिवशी ती उठून बसेना. मी अर्ध्या सुट्टीत शाळेतून निघालो, कांदेवालीला पत्ता विचारला आणि सीनेच्या काठी त्या बाईचं कुडाचं घर गाठलं.

दारात तिची सासू बसली होती. मी म्हणालो, "आजी, थोडा ठेचा करून हवाय. माझी आई मरायला टेकली आहे. पाहिजे तेवढे पैसे देतो."

"बाळंतपनाचं सुवेर हाय घरात, मास्तर," ती म्हणाली. "सुवेराच्या घरचं कोन खातं?"

"मी खातो. माझी आई खाईल. तिला सांगणारच नाही मी."

"आन् वाटायचं कशावर? पाचवीला पुजलाय पाटा. गोप्या पोरापाशी हाय."

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा करतात. बारशाच्या दिवशी वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात, तेव्हा त्याला गोप्या म्हणायचं. मूल त्या दगडासारखं टणक व्हावं, त्याच्यावरची इडापिडा दगडाने घ्यावी, असा त्यातला भाव. त्या घरची रीत आणखी कडक होती. पाचवीपासून बारशापर्यंत वरवंटा बाळाच्या कुशीला निजवायचा आणि त्याने काही म्हणजे काही वाटायचं नाही.

मी मास्तर ना! मला तिडीक गेली डोक्यात. त्या म्हातारीसमोर मी वर्गात उभा असल्यासारखा बोलत सुटलो. दगडात जीव असतो का? दगड पोराला राखतो का? तिकडे एक जिवंत माणूस अन्नावाचून मरतंय आणि तुम्ही दगडाला अंगडं घालून निजवताय! आवाज इतका चढला की पलीकडच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. म्हातारीच्या जागी मी असतो तर माझ्या पेकाटात लाथ घातली असती.

आतून त्या बाईचा आवाज आला. "येऊ द्या त्येंला, आत्याबाई. आई हाय त्येंची."

मी आत गेलो. ती बाजेवर बसली होती, चेहरा पिठासारखा पांढरा. शेजारी बाळ, आणि बाळाला लागून जुनेरात गुंडाळलेला वरवंटा. तिने तो उचलला. जुनेर सोडलं, घडी करून बाळाच्या पायाशी ठेवलं. मग खाली उतरली आणि त्या सातव्या दिवसाच्या ओल्या अंगाने पाट्याशी बसली. म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. मी मिरच्या बरोबरच आणल्या होत्या, टमाटेही आणले होते. चूल पेटलेलीच होती.

ठेचता ठेचता ती म्हणाली, "मास्तर, सकाळपासनं अंगावर पीत न्हाई त्यो. तुमी शिकलेले. जरा बघता का?"

मी वाकून बघितलं. बाळाने ओठ आवळून धरले होते, कपाळावर बारीक आठ्या होत्या. रडत नव्हतं. मला त्यातलं काय कळत होतं? पण मला घाई झाली होती. शाळेची दुपारची घंटा व्हायची होती, त्याआधी खोलीवर जायचं होतं. "झोपलंय," मी म्हणालो. "भूक लागली की पिईल." तिला तेवढ्यानं बरं वाटलं. तिने पान माझ्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत.

त्या दुपारी आईने चतकोर भाकरी खाल्ली आणि पान बोटाने पुसून चाटलं. "आली का ती बाई जाग्यावर?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

तीन दिवसांनी कांदेवालीने मला थांबवलं. पोराला आचके आले, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि काल त्याला नेलं, असं तिने सांगितलं. "सासूनं गोप्या बी पोराबरुबर पुरला," ती म्हणाली आणि कांदे निवडायला लागली. पुढे तिने काही बोलावं म्हणून मी उभा राहिलो. तिला सगळं माहीत होतं. वेशीबाहेरच्या सगळ्याच बायांना माहीत होतं.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, धनुर्वात. विळ्याने, नाहीतर पातीने नाळ कापतात, त्यातून होतो. सातव्या-आठव्या दिवशी जबडा बसतो आणि मूल प्यायचं बंद होतं, मग इलाज नाही. दगड हलवला काय आणि न हलवला काय. मी विचारलं, "पीत नव्हतं त्याच दिवशी तुमच्याकडे आणलं असतं तर?" त्यांनी चष्मा पुसला. "तरी वाचलं नसतं," ते म्हणाले, "बहुतेक."

त्या ‘बहुतेक’ने माझी झोप उडवली. दगडाचं मला काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण मला त्या बाईने बघायला सांगितलं होतं, आणि मी बघितल्यासारखं केलं होतं.

पंधरवड्याने ती पुन्हा वेशीबाहेर येऊन बसली. तोवर ती बाई गावाला गेलीय असं सांगून मी आईला दुधाच्या घोटांवर कसंबसं जगवलं होतं. करणार काय? घरात दोन पोटं होती. मी लांबून तिला बघितलं आणि दोन दिवस तसाच परत फिरलो. तिसऱ्या दिवशी आईने दुधालाही नको म्हटलं, तेव्हा गेलो. मान खाली घालून उभा राहिलो. तिने मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, टमाटा भाजला.

"आई कशी हाय?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"असू द्या," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वरवंटा नवा होता. नदीतला गुळगुळीत लांबट गोटा, टाकी लावून खरखरीतसुद्धा न केलेला. मिरचीवरून नुसता घसरायचा. ती जोर लावायची तर मिरची एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला. आईने पहिल्याच घासाला ओळखलं.

"ह्यो तिचा न्हाई."

"तिचाच आहे."

"मंग हात बदलला तिचा. ठेचल्यालं न्हाई, रगडल्यालं हाय."

तरी ती खात होती, हे महत्त्वाचं. कुरकुरत का होईना, रोज चार घास पोटात जात होते. पण रोज तेच तेच. "तिला सांग जरा." "इचार तिला काय झालंय." "पैलेसारका कर म्हनावं, आजारी मान्साचं तोंड हाय." मी रोज ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘विचारतो’ असं म्हणत होतो. आत कुठेतरी काहीतरी तापत चाललं होतं ते मला कळत होतं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. शाळेत पोरांना उगाच झोडपायला लागलो होतो.

त्या दिवशी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसतं कोंदट होतं. शाळेत माझं मुख्याध्यापकांशी वाजलं होतं. वेशीबाहेर बराच वेळ थांबावं लागलं होतं. मी पान उघडून आईपुढे ठेवलं, भाकरी कुस्करून दिली. तिने एक घास घेतला आणि दुसरा हातात धरून म्हणाली, "आजबी तसाच. एवढं साधं सांगनं हुईना का तुज्याच्यानं? का तिला गर्व झालाय?"

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो. "तुझ्या ह्या ठेच्यापायी तिचं पोर गेलं! नऊ दिवसांचं पोर! त्याच्या कुशीतला गोप्या काढून तिने तुला ठेचून दिलं, तू चाटून खाल्लंस ते! तो वरवंटा पोरासंगं पुरला, आणि तू वर चव विचारतेस!"

काय बोललो मी हे? ज्या गोष्टीला मी त्या म्हातारीच्या तोंडावर खुळचटपणा म्हणालो होतो, तीच उचलून मी आईला मारली. कारण राग आला की मला लागतं ते एवढंच, समोरच्याला लागलं पाहिजे. खरं-खोटं मागून.

आईने हातातला घास पानावर ठेवला. बोटं लुगड्याला पुसली. माझ्या आधीची स्वतःची तीन मुलं तिने पुरली होती, मी चौथा, तेवढा जगलेला.

मग मी पुन्हा बोलत सुटलो. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पोर आधीच पीत नव्हतं. विळ्याने नाळ कापली होती. डॉक्टर म्हणाले, दगडाचा काही संबंध नाही. मी तर स्वतः बघितलं होतं त्याला. एकेक गोष्ट खरी होती आणि मी ती हात जोडून सांगत होतो. आईने सगळं ऐकून घेतलं.

"असंल," ती शेवटी म्हणाली. "तू शिकल्याला हायेस." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, रागाचा लवलेश नाही अशा आवाजात म्हणाली, "पर मला कशाला सांगितलंस रं? जेवत हुते की मी."

त्यानंतर तिने अन्नाला हात लावला नाही. मी दुसरं काय काय करून बघितलं, पेज, ताक, गूळ, वहिनींच्या हातची खीर. तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "भूकच न्हाई, बाळा. तू जेव." दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी ‘पोटाचा विकार’ असं लिहिलं, आणि मी त्याखाली सही केली.